उधेवाडी: इनर शेवटी कोरडा राहिला

तंबूचा इनर, म्हणजे आतलं कापड, कोरडा. छत कोरडं, पायाकडचे दोन्ही कोपरे कोरडे, स्लीपिंग बॅगचं कायम भिजणारं टोकही कोरडं. आणि हे ऐन थंडीत, निरभ्र रात्री, राजमाची गडाच्या पायथ्याला, उधेवाडीत. आउटर, म्हणजे त्यावरचं बाहेरचं आवरण, मात्र नेहमीसारखाच आतून-बाहेरून निथळत होता. या नोंदीतली खरी गंमत तीच आहे.

तंबू आतून भिजू नये म्हणून गेल्या हिवाळ्यापासून व्हेंटवर, म्हणजे हवा खेळायच्या झरोक्यांवर, माझे जे प्रयोग चाललेत ते इथल्या जुन्या वाचकांना माहीत आहेत. दोन्ही व्हेंट उघडे, दार अर्धं उघडं, शेवटी तर दार पूर्ण उघडं ठेवून कुडकुडत झोपून झालं. फरक नाही. एका माणसाच्या श्वासातूनच रात्रभरात शंभरेक मिली पाणी तरी बाहेर पडतं, ते खरं. पण पहाटे उधेवाडीत बाहेरचीच हवा दमटपणानं गच्च असते. तीच हवा आत घेऊन काय वाळणार? शिवाय आकाश मोकळं असलं की आउटरचं कापड आपली उष्णता वर फेकत राहतं आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार पडतं. त्यावर दंव धरणारच, तंबूत कुणी झोपो न झोपो.

म्हणजे पाणी थांबवणं आपल्या हातात नाही. ते इनरवर येऊ न देणं आहे. आउटर ताठ असेल तर थेंब त्याच्या आतल्या बाजूनं घरंगळत कडेनं जमिनीवर उतरतात. तो सैल पडून इनरला चिकटला की संपलं. आमचा आउटर नायलॉनचा, आणि नायलॉन ओलं झालं की सैलावतं. संध्याकाळी तबल्यासारखा ताणलेला आउटर पहाटे इनरवर लोळत असायचा. पॉलिएस्टरवाल्यांना हा त्रास बराच कमी, त्यांनी हसून घ्यावं.

मग आणखी ताणायचा ना? ताणायला खुंटी धरली पाहिजे, आणि घोडं तिथंच अडतं. आपल्याकडे वर चार बोटं माती, खाली मुरूम, त्याखाली कातळ. तंबूबरोबर येणाऱ्या अॅल्युमिनियमच्या खुंट्या युरोपातल्या हिरवळीसाठी बनवल्या असाव्यात. दोन ठोक्यांत वाकतात. वाय आकाराच्या महागड्या घेतल्या, त्यांची डोकी चेपली. पुण्यात लक्ष्मी रोडजवळच्या एका दुकानदारानं ‘हिमालयात चालतात, साहेब’ म्हणून गळ्यात मारल्या होत्या. हिमालयाचं माहीत नाही, मावळात चालत नाहीत.

उपाय पुण्यातच, लोखंडी सामानाच्या बोहरी आळीत सापडला. ८ मिमीची साधी गुळगुळीत सळई, २५ सेंटीमीटरचे सहा तुकडे, एका टोकाला घासून अणकुची, दुसरं टोक फॅब्रिकेशनवाल्याकडून वाकवून आकडा. बांधकामाची उठावदार कडांची टीएमटी सळई घेऊ नका. तिच्या कडा मुरमात अशा रुततात की सकाळी उपटताना घाम फुटतो. ठोकायला गावात कुणाचीही हातोडी मिळते, ती पाठीवर वाहू नका.

खुंट्या तसूभर हलल्या नाहीत. शिवाय झोपायच्या आधी आणि मध्यरात्री लघवीला उठल्यावर दोऱ्या पुन्हा ताणून घेतल्या. ट्रकवाले माल बांधताना मारतात ती गाठ यासाठी उत्तम, अंधारात एका हातानं आवळता येते. एवढंच केलं.

आता वजन. सळईच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ केला की मीटरमागचे किलो मिळतात, म्हणजे ८ मिमीला मीटरमागे ३९५ ग्रॅम, एक तुकडा साधारण १०० ग्रॅम, सहांचे ६००. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे पंधराएक किलोमीटरची निवांत चाल आहे, तिथं खपतं. कोंढाणे लेणी बघून कोंदिवड्याकडून चढायचं असेल तर हे लोखंड शिव्या खायला लावेल.

दगडाचा पर्याय बरेच जण सुचवतात: दोरी लहान दगडाला, त्यावर मोठा दगड. कातळावर तोच चालतो. पण खाचराच्या बांधाचे दगड काढायचे नाहीत, आणि गडाच्या बांधकामाचे तर नाहीच नाही. यावर माझ्याशी वाद घालू नका.

पुढच्या वेळी तळ्याकाठीच मुक्काम ठरला होता. पण निघताना, जिथं जेवलो त्या घरच्या मावशी म्हणाल्या, “तळ्याकडं कशाला निजता, दहिवरानं भिजाल. आंब्याखाली लावा की.” हिशेबात बसतं: डोक्यावर फांद्या असल्या की कापडाला थेट मोकळं आकाश दिसत नाही, ते तितकं गार पडत नाही. वाळक्या फांद्या तेवढ्या वर बघून घ्यायच्या.

आणि हे लिहिता लिहिताच वाटतंय, आंब्याखाली दंव कमी, तर ताणही कमी पुरेल, मग सळई ६ मिमीची का नको? तुकडा ५५ ग्रॅमवर येतो. मुरमात वाकेल अशी शंका आहे. तरी वाऱ्याच्या बाजूला ८ च्या दोन आणि बाकी चार ६ च्या, असं नेतो.  शनिवारी आधी बोहरी आळी.