व्हेनिस: 'सगळं पायी होतं' म्हणणाऱ्यांनी आधी बॅग उचलून दाखवावी

"व्हेनिस केवढंसं! स्टेशनवरून सान मार्को या मुख्य चौकापर्यंत अर्धा-पाऊण तास, रमतगमत जाल." निघण्याआधी भेटलेल्या प्रत्येक जाणकाराने हेच सांगितलं. यातल्या बहुतेकांना टूरवाल्यांनी त्रोंकेत्तो या बसतळावर उतरवून बोटीने थेट सान मार्कोजवळ नेलेलं असतं. सामान बसमध्ये, हातात फक्त पाण्याची बाटली. त्यांचं चालणं वेगळं, आपलं वेगळं.

स्टेशनचं नाव आधी नीट वाचा. उतरायचं सान्ता लुचियाला. त्याआधीचं मेस्त्रे मुख्य भूमीवर आहे, कालव्यांचं ते व्हेनिस तिथे नाही. सान्ता लुचियाच्या पायऱ्यांवर आलं की समोर थेट ग्रँड कॅनाल. दोन मिनिटं सगळं विसरायला होतं, तेवढं व्हेनिसच्या पदरात टाकायलाच हवं.

पुढचा पट्टा मात्र नीट वाचा. आमचं हॉटेल कास्तेल्लो भागात, सान्ता मारिया फोर्मोझा चौकाजवळ. सुरुवातीचा लिस्ता दि स्पान्या हा रस्ता सपाट आहे, मग गुल्ये पूल लागतो, चार कोपऱ्यांना दगडी सुळके असलेला. तो चढून उतरलो, हसत हसत. पुढे स्त्रादा नोव्हा चांगली रुंद. 'उगाच घाबरवतात लोक' असं नवरा म्हणाला आणि सान्ती आपोस्तोली चर्चनंतर खरी गंमत सुरू झाली. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून बॅगवाला आला तर एकाने भिंतीला चिकटायचं. आणि दर थोड्या अंतरावर पूल. खालून होड्या जायच्या म्हणून प्रत्येक पूल मधे उंच आणि दोन्ही बाजूंना पायऱ्या. शहरात असे चारशेच्या वर पूल आहेत, उताराचा रस्ता असलेले अगदी मोजके. ट्रॉली बॅगची चाकं इथे निव्वळ वजन. आमच्यासारखी दर पावसाळ्यात सिंहगड चढणारी माणसं तिसऱ्या-चौथ्या पुलावर एकमेकांशी बोलेनाशी झाली.

मोबाइलचा नकाशा उंच भिंतींमध्ये गोंधळतो. सरळ जा म्हणतो, आपण जातो आणि गल्ली पाण्यात संपते. परत फिरा, तोच पूल पुन्हा. पत्त्याचाही उपयोग नाही, कारण घरांचे नंबर रस्त्याप्रमाणे नसून अख्ख्या भागाप्रमाणे लावलेले आहेत. आमचा नंबर पाच हजारांच्या घरातला, आणि शेजारच्या दारावर भलताच आकडा. हॉटेलकडून जवळच्या चौकाचं किंवा चर्चचं नाव मागून घ्या आणि भिंतींवरच्या पिवळ्या पाट्या बघत चला: रियाल्तो, सान मार्को, स्टेशन. त्या नकाशापेक्षा खऱ्या.

थोडक्यात, ट्रॉली बॅग असेल तर चालू नका. व्हापोरेत्तो, म्हणजे तिथली सार्वजनिक बोट, पकडा. एका तिकिटाला साडेनऊ युरो, ७५ मिनिटं चालतं, चढण्याआधी मशीनला लावायला विसरू नका. महाग आहे, पण ते पैसे द्याच. पाठीवर सॅक असेल तर खुशाल चाला.

दमलेल्या माणसाला कुठेही बसावंसं वाटतं आणि सान मार्कोच्या आसपासची हॉटेलवाली मंडळी त्याचीच वाट बघत असतात. मेनूवर मासा आठ युरो. छान वाटलं. बिल आलं तेव्हा त्या एका माशाचेच पन्नासच्या आसपास, कारण भाव शंभर ग्रॅमचा, आणि तो बारीक अक्षरात. वेटरने आधी चकार शब्द काढला नाही. वर माणशी 'कोपेर्तो', म्हणजे नुसतं बसल्याबद्दल आणि पावाबद्दल. कोपेर्तो तिथे रीतसर आहे, त्यावर भांडू नका. माशाचं मात्र वजन करून, आकडा कागदावर लिहून घ्या, मगच हो म्हणा. नाहीतर सरळ 'बाकारो'त जा: तिथे उभ्याने चिकेत्ती, म्हणजे छोटे छोटे खाऊ, खायचे, काउंटरवर दिसतं तेच घ्यायचं. शाकाहारींनी विचारून घ्यावं, पांढरं मऊ दिसणारं ते बऱ्याचदा कॉड मासा असतो.

कॉफी काउंटरवर उभ्याने प्या. सान मार्को चौकात वाद्यवृंद वाजत असलेल्या टेबलावर बसलात तर संगीताचेही पैसे बिलात येतात. चौकातल्या पायऱ्यांवर बसून डबा उघडू नका, दंड होतो. पाण्याची बाटली विकत घेऊ नका, चौकाचौकात पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. स्वच्छतागृहासाठी दीड युरो सुटे ठेवा.

रियाल्तो पूल १५९१ चा आहे, देखणा आहे आणि दुपारी त्यावर उभं राहणं ही शिक्षा आहे. सकाळी आठच्या आत जा. सान मार्कोचा घंटामनोरा १९०२ मध्ये कोसळला, १९१२ मध्ये पुन्हा जसाच्या तसा उभा केला. आत लिफ्ट आहे, म्हणून आम्ही गेलो. त्या दिवशी पायरी नको म्हणणाऱ्याला एवढं पुरे. संध्याकाळी दोर्सोदुरोत, झात्तेरेच्या काठाने फिरलो, मस्त होतं, गर्दी नव्हती.

गोंडोला? सरकारी दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, अख्ख्या होडीचे. आम्हाला नको होता. सान्ता सोफियाला दोन युरोत त्राघेत्तो मिळतो, तोही गोंडोलाच, फक्त ग्रँड कॅनालच्या या काठावरून त्या काठावर. रात्री नसतो, पण रियाल्तोचा पूल वाचतो.

मुक्काम न करता एका दिवसासाठी येणार असाल तर तारीख तपासा. २०२४ पासून ठरावीक दिवशी शहरात शिरण्याचेच पैसे पडतात. मुक्कामाला असणाऱ्यांना माफी आहे, पण ती आधी ऑनलाइन नोंदवावी लागते. हॉटेलवाला सांगेलच असं नाही, आमच्या हॉटेलवाल्याने तर जिना आहे हेसुद्धा सांगितलं नव्हतं. खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.