प्लेटलेट 18,000

सप्टेंबरात आमच्या लॅबमध्ये तापाच्या पेशंटची रीघ असते. त्या दुपारी एका ताईंचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, लावला आणि मशिनने प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, दाखवल्या फक्त 18,000. मुलगा खिडकीशीच उभा होता. "मॅडम, पिशव्या लागतील ना? रक्तपेढीत निघू का?"

"दादा, अर्धा तास द्या. मला स्लाइड बघू दे."

मला खटकत होतं, कारण रक्त मीच काढलं होतं. सुई काढल्यावर कापूस धरला, रक्त लगेच थांबलं. हातांवर लाल ठिपका नाही, हिरड्यांतून रक्त येत नव्हतं.

काचेवर रक्ताचा पातळ थर, म्हणजे स्मिअर, ओढला, त्यावर लेशमनचा रंग टाकला, दोन मिनिटांनी बफरचं द्रावण, मग दहा मिनिटं थांबले. तेवढ्यात त्या मुलाने चारदा काचेतून डोकावलं.

तेलाचा थेंब टाकून शंभरची लेन्स लावली. लाल पेशी गोल, मधोमध फिकट. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिलच्या केंद्रकाचे तीन-चार कप्पे बारीक धाग्याने जोडलेले. लिम्फोसाइट तर केंद्रकानेच भरलेली. प्लेटलेट मात्र तुरळक. मग स्मिअरच्या शेपटीकडे सरकले आणि हात थांबला. भिजलेला साबुदाणा चिकटून गोळा व्हावा तसे प्लेटलेटचे जांभळट पुंजके! एकेकात वीस-तीस तरी.

जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं ईडीटीए हे रसायन रक्त गोठू देत नाही. पण काहींच्या रक्तात अशी अँटीबॉडी असते की त्या ईडीटीएतच प्लेटलेट एकमेकींना धरून बसतात. अंगात नाही, फक्त ट्यूबमध्ये. मशिन आकारावरून ओळखतं: सुटी प्लेटलेट 2-3 मायक्रॉनची, पुंजका त्याहून कितीतरी मोठा, म्हणून तो मोजणीतून निसटतो. कधी पांढऱ्या पेशींतही जमा होतो. म्हणूनच कितीही गर्दी असो, इतका कमी काउंट मी स्लाइड बघितल्याशिवाय सोडत नाही. पिशवीतल्या प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात. खरंच रक्तस्राव होणाऱ्या कुणाच्या तरी वाट्याच्या त्या ताईंना चढल्या असत्या.

निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीएऐवजी सायट्रेट असतं, तिच्यात पुन्हा रक्त घेतलं आणि लगेच लावलं. 1,92,000. ट्यूबमधलं सायट्रेट द्रव असल्याने रक्त थोडं पातळ होतं, म्हणून 1.1 ने गुणायचं: दोन लाख अकरा हजार. स्लाइड पुन्हा तपासली, पुंजके नव्हते. डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. मुलगा बाकावर मटकन बसला आणि बराच वेळ नुसता आईकडे बघत राहिला.

ताईंना चिठ्ठी लिहून दिली: 'प्लेटलेट सायट्रेट ट्यूबमध्ये मोजाव्यात.' म्हटलं, कुठेही रक्त दिलंत तरी ही आधी दाखवा. त्यांनी ती घडी घालून आधार कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवली.