नवी डिस्क, जुना बोर्ड आणि खोळंबलेली भट्टी

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीचा फोन आला तेव्हा भट्टी चालू होती आणि स्पेक्ट्रो बंद. वितळलेल्या लोखंडाच्या सॅम्पलमध्ये कार्बन, सिलिकॉन, मँगनीज किती, ते हे यंत्र सांगतं. ते कळल्याशिवाय धातू साच्यात ओतायचा कसा? शेजारच्या फाउंड्रीत सॅम्पल पाठवून काम रेटत होते, पण उत्तर येईपर्यंत धातू तापता ठेवायला वीज जळतच होती.

स्पेक्ट्रोच्या कॉम्प्युटरमधली ८० जीबीची आयडीई (जुन्या, रुंद केबलची) डिस्क खडखडत होती. यंत्राचं कार्ड पीसीआय या जुन्या खाचेत बसणारं, सॉफ्टवेअर फक्त विंडोज एक्सपीवर चालणारं, त्यामुळे कॉम्प्युटर बदलायचा प्रश्नच नव्हता. जुनी डिस्क टिळकवाडीला आमच्या दुकानात आणून तिच्यावरचं सगळं ५०० जीबीच्या नव्या साटा (आयडीईनंतर आलेल्या, बारीक केबलच्या) डिस्कवर उतरवून घेतलं. कॉम्प्युटरच्या मदरबोर्डावर साटाची दोन पोर्टं होती. पण तिथे जोडल्यावर डिस्क बायोसला, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामला, दिसेचना. केबल बदलली, पोर्ट बदललं, तरी तेच.

फाउंड्रीचे मालक म्हणाले, “काय ओ, डिस्कच खराब आली काय?”

डिस्क चांगली होती. बोर्डही चालू होता. दोघांची बोलणीच सुरू होत नव्हती. साटाचा पहिला वेग सेकंदाला १.५ गिगाबिट, पुढे ३ आला, २००९ मध्ये ६. नवी डिस्क आधी आपल्या सर्वांत जास्त वेगाने हाक देते आणि उत्तर आलं नाही की एकेक पायरी उतरते. सुरुवातीच्या काही साटा चिप या पहिल्या हाकेलाच अडकतात. म्हणून ३ गिगाबिटच्या बऱ्याच डिस्कना मागे पिना असायच्या. त्यांवर जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी, घातला की डिस्क थेट १.५ वर यायची. या डिस्कला तशी सोय नव्हती. अशा वेळी धडधाकट डिस्क ‘डेड’ म्हणून परत जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग बोर्डाचं साटा सोडलंच. जुन्या आयडीई केबलवर आयडीई-साटा कन्व्हर्टर लावला आणि त्याला डिस्क जोडली. साटाची बोलणी आता कन्व्हर्टरची चिप करणार. बोर्डाच्या लेखी ती आयडीई डिस्कच, त्यामुळे एक्सपीला नवा ड्रायव्हरही नको. त्या एक्सपीवर एकही सर्व्हिस पॅक, म्हणजे मायक्रोसॉफ्टने नंतर दिलेल्या सुधारणांचा संच, नव्हता. असा एक्सपी डिस्कवरची जागा शोधायला २८ बिटांचे पत्ते वापरतो, म्हणजे १३७ जीबीच्या पुढचं त्याला कळत नाही. म्हणून पार्टिशन १०० जीबीचंच केलं होतं, बाकी जागा मोकळी.

एक्सपी उठला. पण माझं लक्ष कॅलिब्रेशनच्या, म्हणजे यंत्राचं मोजमाप जुळवून ठेवलेल्या, फायलींवर होतं. त्या गेल्या असत्या तर डिस्क चालूनही उपयोग नव्हता. लॅबमधल्या मुलाने घटकांचं प्रमाण आधीच माहीत असलेला स्टँडर्ड तुकडा लावून स्पार्क मारला. आकडे जुळले. त्याने लगेच भट्टीचं सॅम्पल घेतलं.

तशीच दुसरी डिस्क तयार करून कन्व्हर्टरसकट लॅबच्या कपाटात ठेवायला दिली. वर पट्टी चिकटवली: ‘बोर्डाच्या साटा पोर्टला लावू नये, आयडीई केबललाच लावावी.’