पेडण्यातील नऊ टोपल्या

कोल्हापुराहून आंबोली घाट उतरून सावंतवाडी, बांदा करत गोव्यात शिरले की पहिला तालुका लागतो तो पेडण्याचा. पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकापाशी घटकाभर थांबून पुढे निघालेली बहुतेक वाहने मांद्रे, हरमल किंवा थेट कळंगुटच्या वाटेला लागतात. आम्ही मात्र पेडणे शहर मागे टाकून एका आडवळणाच्या गावाकडे वळलो, कारण तिथल्या एका काजूच्या बागेत डिस्क गोल्फचे, म्हणजे तबकडी फेकून खेळायच्या गोल्फचे, छोटेसे मैदान आखलेले आहे, असे भाच्याने कुठूनसे ऐकले होते. पुण्यात महाविद्यालयात शिकणारा हा मुलगा अल्टिमेट फ्रिस्बी हा तबकडीचा सांघिक खेळ खेळतो. सोबत मामा होते. बँकेतून निवृत्त होऊन त्यांना बराच काळ लोटला आहे आणि चालण्याखेरीज दुसरा व्यायाम त्यांना मान्य नाही. जागा घरगुती असून मालकांना वर्दळ नको आहे, म्हणून गावाचे नाव इथे देत नाही.

मैदान म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे सपाट हिरवे चित्र येते, त्याचा इथे मागमूस नाही. जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे सपाट कातळपठार, जिथे संपतो तिथून उतरत जाणारी ही जमीन आहे. वरच्या अंगाला काजू, मध्ये आंब्याची जुनी झाडे, खाली घराजवळ माड, आणि या सगळ्याला कंबरभर उंचीच्या गडग्याचे कुंपण. जानेवारीचा मध्य होता. गवत पिवळे पडून आडवे झाले होते, काजूला मोहोर धरू लागला होता आणि त्याचा उग्रगोड वास उतारावर सगळीकडे भरलेला होता. झाडांच्या मोकळ्या पट्ट्यांतून मालकांनी नऊ होल, म्हणजे खेळाचे नऊ टप्पे, आखले आहेत. सर्वांत छोटा होल चाळीस मीटरांच्या आसपास भरेल आणि सर्वांत लांबचा ऐंशीच्या आतच संपतो. भाच्याला ही अंतरे ऐकून थोडी निराशा झाली, ती त्याने लपवली नाही. त्याच्या मते नवशिक्यांचे मैदान म्हणजे मैदानाची तालीम. माझे मत दिवस संपेपर्यंत नेमके उलटे झाले होते.

खेळ समजायला अगदी सोपा आहे. ठरलेल्या जागेवरून, म्हणजे टीवरून, डिस्क फेकायची, ती जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि शेवटी साखळ्या लावलेल्या टोपलीत ती विसावली की तो होल पूर्ण झाला. जितक्या फेकी तितके गुण, आणि सर्वांत कमी गुणांचा खेळाडू पुढे. गोल्फप्रमाणे प्रत्येक होलचा पार, म्हणजे अपेक्षित फेकींचा आकडा, ठरलेला असतो. इथे तो सरसकट तीन आहे. मालक टीला ‘टी’च म्हणतात, पण बास्केटला मात्र टोपली म्हणतात, आणि ती टोपली म्हापशाच्या बाजारातून आणलेल्या साखळ्या वापरून गावातल्याच वेल्डरने बनवलेली आहे. मी पहिल्या टोपलीजवळ बराच वेळ उभी राहिले. मधोमध जाड नळीचा खांब, वर लोखंडी कडे, त्या कड्यापासून खांबाकडे आत झुकत आलेल्या साखळ्या आणि खाली साधारण कमरेएवढ्या उंचीवर जाळीदार परडी. साखळीच्या प्रत्येक कडीवर जस्ताचा मुलामा होता. समुद्राची खारी हवा आणि वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस जिथे पडतो, तिथे साधे लोखंड दोन पावसाळेही काढत नाही, असे मालकांनी सांगितले. तरीही एका जोडावर तांबेरा दिसत होताच.

या साखळ्यांमागे एक कथा आहे. व्हॅम-ओ या अमेरिकन खेळणी कंपनीने फ्रेड मॉरिसन यांच्याकडून उडत्या तबकडीचे हक्क १९५७ मध्ये घेतले आणि तिलाच पुढे फ्रिस्बी हे नाव मिळाले. त्याच कंपनीतील एड हेड्रिक यांनी तबकडीच्या पाठीवर उठावाची वर्तुळे घालून तिचे उड्डाण स्थिर केले आणि १९६७ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह पार्कमध्ये डिस्क गोल्फचे पहिले कायमचे मैदान तयार झाले. त्याच्या पुढल्या वर्षी हेड्रिक यांनी खेळाडूंची व्यावसायिक संघटना स्थापन केली. पण सुरुवातीला लक्ष्य म्हणजे नुसते खांब होते, आणि तबकडी खांबाला लागली की चाटून गेली, यावर वाद व्हायचे. साखळ्यांनी तो वाद मिटवला. साखळी डिस्कचा वेग गिळून टाकते आणि डिस्क खाली परडीत पडते. आत आहे किंवा नाही, एवढाच प्रश्न उरतो. हेड्रिक २००२ मध्ये वारले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा काही डिस्कच्या प्लास्टिकमध्ये मिसळण्यात आली. हे ऐकून मामा म्हणाले, ‘म्हणजे मेल्यावरही लोकांनी फेकावे, अशी सोय करून ठेवली की!’

मालकांनी ओसरीवर डिस्क मांडल्या, त्या पाहून मामांनी सहजच सर्वांत पातळ आणि धारदार काठाची उचलली. डिस्कवर चार आकडे छापलेले असतात. पहिला आकडा तिला लागणाऱ्या वेगाचा, दुसरा हवेत तरंगण्याचा, तिसरा उड्डाणाच्या सुरुवातीला कलण्याचा आणि चौथा शेवटी उलट बाजूला ओढले जाण्याचा. मामांच्या हातातल्या डिस्कवरचा पहिला आकडा बारा होता. लांब फेकीच्या अशा डिस्कला ड्रायव्हर म्हणतात. तिच्यासाठी हातात जो वेग लागतो तो नवख्याजवळ नसतो. वेग कमी पडला की तिचा चौथा आकडा लवकर जागा होतो आणि ती निम्म्या वाटेतच डावीकडे झुकून जमिनीत शिरते. मालकांनी ती मामांच्या हातून हळूच काढून घेतली आणि जाड, बोथट काठाचा पटर, म्हणजे जवळच्या फेकीची डिस्क, दिला. त्याचा पहिला आकडा दोन होता. ‘ही फेकायला ताकद लागत नाही, आणि ताकद लावलीत तर ही ऐकत नाही,’ ते म्हणाले. वजन पावणेदोनशे ग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे हातात घेतल्यावर खेळणे वाटणार नाही इतके.

पहिला होल मोकळा आणि किंचित उताराचा आहे. चार बोटे काठाखाली, अंगठा वर, छातीच्या रेषेत डिस्क आडवी ओढत आणायची आणि सोडताना तिची पुढची कड वर जाऊ द्यायची नाही, हे इतकेच तंत्र. पण ‘पुढची कड वर जाऊ द्यायची नाही’ या सहा शब्दांवर सगळा खेळ उभा आहे. कड वर गेली की डिस्क आकाशाकडे चढते, क्षणभर लटकते आणि मग जिथून चढली त्याच्याच आसपास येऊन बसते. भाच्याने पहिलीच फेक जोरकस केली. ती सुंदर गेली, टोपलीच्या बरीच पलीकडे गेली आणि खालच्या माडाच्या आळ्यात जाऊन थांबली. मामांची फेक निम्म्या अंतरावर, पण सरळ रेषेत पडली. दुसरी टोपलीजवळ, तिसरी साखळीत. भाच्याला वर चढून परत येताना एक फेक जास्त लागली. छोट्या मैदानावर लांब फेकणाऱ्याला लपायला जागा नसते, कारण चुकीच्या दिशेने गेलेली जादाची ताकद परत चालत आणावी लागते.

तिसऱ्या होलवर या मैदानाचा स्वभाव कळला. टी आणि टोपली यांच्या बरोबर मध्ये एक बुटका, पसरट काजू आहे, त्याच्या फांद्या जमिनीपासून हातभर अंतरावर सुरू होतात आणि घेर एखाद्या मांडवाएवढा आहे. वरून जायला उंची नाही, आरपार जायला वाट नाही. उजव्या हाताने नेहमीच्या पद्धतीने फेकलेली डिस्क शेवटी डावीकडे वळते, डावखुऱ्याची उजवीकडे. तो वळसा इथे कामाला लावायचा. झाडाच्या उजवीकडे मोकळी हवा आहे तिकडे बाहेरची कड थोडी खाली ठेवून फेकली की डिस्क झाडाला वळसा घालून आपोआप टोपलीकडे येते. माझी डिस्क फांदीखाली अडकली तेव्हा मी मोहोर आलेली एक डहाळी बाजूला सारायला हात घातला, तर मालकांनी तत्परतेने थांबवले. खेळाच्या नियमांतही हेच आहे. वाटेतली झाडे मोडायची किंवा वाकवायची नाहीत, त्यांना कमीत कमी हलवूनच उभे राहायचे. मालकांच्या बाबतीत नियमाला पोटापाण्याचाही आधार होता, कारण त्या डहाळीवर पुढच्या दोन-अडीच महिन्यांत काजू धरणार होते. मी मांडी घातल्यासारखी बसून, कोपरापुढचा हात तेवढा हलवून डिस्क बाहेर काढली. ती फार लांब गेली नाही, पण त्या दिवसातली मला सर्वांत आवडलेली फेक तीच.

चौथा आणि पाचवा होल सरळ आहेत, त्यांबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही. सहाव्याला गडगा अगदी उजव्या हाताला सोबत करतो. गडग्यापलीकडे शेजाऱ्यांची मिरचीची लागवड आहे, म्हणून तिथे डिस्क गेली तर ती हद्दीबाहेर आणि एका फेकीचा दंड. हरवलेली डिस्क शोधायला नियमाने तीन मिनिटे मिळतात. त्या पिवळ्या गवतात केशरी डिस्क शोधताना ती कमी वाटली, म्हणून मी निळीचा आग्रह धरला. इथेच मामांना एक सूर सापडला. अंगाला झटका न देता, दोन पावले चालत येऊन ते डिस्क सोडत आणि मागून मालक ‘सावकास, सावकास’ म्हणत. भाचाही हळूहळू तोच वेग धरू लागला. त्याने ड्रायव्हर पिशवीत टाकला आणि पटरवर आला. त्याक्षणापासून त्याचे गुण सुधारले, हे मी नोंदवहीत पाहिले आहे.

सातव्या होलची दिशा मुद्दाम वाकडी आहे. जवळच्या वाटेने नेला असता तर तो सोपा झाला असता, पण त्या वाटेवर एका आंब्याच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला पाषाण आहे, पुढे नारळ आणि विझलेली उदबत्ती. हा या जागेचा राखणदार. त्याच्या डोक्यावरून डिस्क उडवायची नाही, म्हणून टी वीस पावले खाली सरकवली आणि फेकण्याची दिशा उलट केली, असे मालकांनी सांगितले. मैदान आखताना वर्तुळ काढून झाडे छाटणारे लोकही जगात असतील. इथे मात्र जमिनीने आधी सांगितले आणि मग रेषा आखल्या गेल्या, आणि त्यामुळेच प्रत्येक होलला स्वतःची चाल आली आहे.

नववा होल सड्याच्या काठावर आहे, तिथून पश्चिमेला समुद्राची पांढुरकी रेघ दिसते. सकाळी वारा जमिनीकडून मंद असतो, पण आम्ही तिथे पोचेपर्यंत उन्हाने सडा तापला होता आणि समुद्रावरचा वारा चढला होता. समोरून वारा आला की डिस्कला हवेच्या हिशेबाने वेग जास्त मिळतो, त्यामुळे ती उचलली जाते आणि उजव्या हाताने फेकणाऱ्याची डिस्क उजवीकडे कलंडते. पाठीमागून आला की ती लवकर बसते आणि डावीकडे ओढली जाते. टोपली वाऱ्याच्या तोंडावर होती. मालकांनी डिस्क गुडघ्याच्या उंचीने फेकायला सांगितले आणि तसे फेकल्यावर ती खरोखरच गवताला चाटत गेली. टोपलीपासून दहा मीटरच्या आत आल्यावर नियम थोडा कडक होतो. डिस्क सोडल्यावर तोल सांभाळून उभे राहता आले पाहिजे, फेकीच्या ओघात आपल्या खुणेच्या पुढे जाता येत नाही. मामा तिथे फेकून झाल्यावरही काही क्षण तसेच एका पायावर राहिले, आणि भाच्याने ‘आजोबा, आता चाललात तरी चालेल’ म्हणेपर्यंत हलले नाहीत.

न्याहारीला मालकिणीने उंड्यांबरोबर, म्हणजे गोव्याकडच्या गोल पावांबरोबर, वाटाण्याची पातळ भाजी दिली. उंडे सकाळीच पदेराने, म्हणजे पाववाल्याने, सायकलवर आणून दिलेले. कडक साल, आत मऊ, भाजीत बुडवला तरी विरघळून जात नाही. जेवणावर फार बोलण्याची माझी प्रवृत्ती नाही, पण काही तास उतार चढून-उतरून आल्यावरची ती भाजी वाखाणल्यावाचून राहवत नाही.

दुपारनंतर आम्ही सगळ्यांनी एकेकच पटर घेऊन पुन्हा फेरी केली, आणि ती पहिल्या फेरीपेक्षा चांगली झाली. बागेत मुक्काम करायचा असेल तर एकच खोली आहे, तीही आधी विचारूनच मिळते. डिस्क मालकांकडे आहेत. टोपी, पाणी आणि टाचा झाकणारे बूट मात्र आपले हवेत, कारण गवतात जांभ्याचे कोपरे लपलेले आहेत, आणि माडाखाली उभे राहून आपली पाळी येण्याची वाट पाहू नये, हे वेगळे सांगायला नको. काजू पडू लागले की, म्हणजे फेब्रुवारीअखेरपासून मेपर्यंत, मैदान बंद असते. तेव्हा बागेत बोंडे वेचणाऱ्या बायका असतात आणि घरामागे हुर्राकची, म्हणजे बोंडांच्या रसाच्या दारूची, भट्टी लागते. पावसात टोपल्या उचलून पडवीत ठेवतात. दिवाळी उलटून गवत कापले गेले की त्या पुन्हा बाहेर येतात, आणि येत्या खेपेला दोन होल माडांच्या बाजूला नव्याने टाकण्याचा मालकांचा बेत आहे. भाच्याने त्यासाठी कागदावर नकाशा काढून दिला. त्यातला एक होल मालकांनी तिथल्या तिथे खोडला, कारण टी त्यांच्या विहिरीवर येत होती.