हाडाची आरी तासताना

दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या ब्लोम्बोस गुहेत १९९२ ते २००० या काळात हाडाची २८ हत्यारं सापडली. वय सुमारे ७० हजार वर्षं. शिंपले, मासे आणि शिकारीवर जगणाऱ्या त्या लोकांनी हाडाच्या आऱ्या, म्हणजे चामड्याला भोक पाडायची टोकदार हत्यारं, दगडाने तासून केल्या होत्या. मीही तसंच करतो, फक्त तिथल्या सिल्क्रीट या कठीण दगडाऐवजी दख्खनच्या खडकात मिळणाऱ्या कॅल्सेडनी या गारगोटीसारख्या दगडाची कपची वापरतो.

खाटकाकडून बोकडाची नळी अखंड आणि कच्ची घ्यावी. कुकरमध्ये शिजवलेली नको. उकळल्यावर हाडाला चिवटपणा देणारं कोलॅजन हे प्रथिन निघून जातं आणि टोक ठिसूळ होतं. मांस खरवडून नळी दगडाच्या ऐरणीवर आडवी ठेवतो आणि मधोमध गोट्याने ठोकतो. ताजं हाड पिळवटल्यासारखं तिरकं फुटतं आणि लांब, टोकदार ढलप्या निघतात. वाळलेलं हाड आडवं तुटतं, तुकडे आखूड पडतात. ८ ते १० सेंटिमीटरची सरळ ढलपी निवडायची. आतल्या बाजूला जाळीदार भाग असेल तर तिथे टोक काढू नये, ते टिकत नाही.

ढलपी रात्रभर पाण्यात ठेवली की तासणं बरंच सोपं जातं. कपचीची धार हाडावर जवळजवळ काटकोनात धरून टोकाच्या दिशेने ओढायची आणि दर दहा-बारा ओढींनंतर हाड थोडं फिरवायचं. धार थरथरली तर आडव्या लाटा उमटतात. त्यावरच जोर लावला की लाटा खोल होत जातात. कपचीचा कोन बदलून तिरकं तासलं की त्या जातात. धार बोथट झाली की हाड नुसतं चकाकतं, भुकटी निघत नाही. अशा वेळी दुसरी कपची घ्यावी. हाड ओलंच ठेवावं आणि तोंडाला मास्क असावा, कोरडी भुकटी छातीत जाते.

वालुकाश्मावर घासलं तर काम लवकर होतं, पण मग तासण्याच्या लांबट समांतर रेषा पुसल्या जातात. ब्लोम्बोसच्या आऱ्या कशा केल्या हे ज्या खुणांवरून कळलं, त्यांत याच रेषा महत्त्वाच्या आहेत. तिथली भाल्यासारखी टोकं मात्र तासल्यावर घासून गुळगुळीत केलेली आहेत.

टोक सुईइतकं बारीक करू नये. चामडं भिजवून, आरी दोन्हीकडे फिरवत दाबली तर भोक पडतं. कोरड्या चामड्यात सरळ खुपसली तर टोकाचे २-३ मिलिमीटर तुटतात. तेवढं पुन्हा तासून आरी परत वापरता येते.