इन्फिल्ड फ्लाय

रविवार, रात्र

आज बेसबॉलच्या मॅचमध्ये पंच म्हणून एकाच बॉलवर दोन निर्णय दिले आणि दोन्ही संघांचे पालक माझ्यावर तुटून पडले. निर्णयांबद्दल तिळमात्र शंका नाही, पण डोकं अजून शांत होत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

१४ वर्षांखालची मॅच. शेवटची इनिंग, एक आऊट, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर, फिल्डिंगवाले एका रननं पुढं. बॅटरनं बॉल सरळ वर उडवला. वारा नव्हता, शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फिल्डर, बॉलखाली निवांत उभा होता. बॉल टोकाला पोचला तसा मी हात वर करून ओरडलो, "इन्फिल्ड फ्लाय, बॅटर आऊट!" आणि बॉल पोराच्या ग्लोव्हमधून निसटून चिखलात पडला.

"कॅच सुटला की ओ! आऊट कसला देताय?"

क्रिकेट बघून वाढलेल्या माणसाला हे पटणं अवघड आहे. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेला हा नियम बॅटिंग करणाऱ्या पोरांच्याच भल्याचा आहे. कॅच होणार म्हणून रनर बेसला चिकटून थांबतात. अशा वेळी फिल्डरनं बॉल मुद्दाम सोडला तर त्यांना पुढं पळावंच लागतं आणि एकाच्या जागी दोघं आऊट होतात. ही फसवणूक टळावी म्हणून, दोनपेक्षा कमी आऊट असताना आणि पहिला-दुसरा बेस भरलेला असताना, इन्फिल्डरला, म्हणजे बेसच्या आसपासच्या फिल्डरला, सहज घेता येईल अशा उंच बॉलवर पंच आधीच बॅटरला आऊट देतो. बॉल पडायची वाट बघितली तर नियमाचा उपयोगच राहत नाही.

गोंधळात दुसऱ्या बेसवरचं पोरगं तिसऱ्याकडं सुटलं. शॉर्टस्टॉपनं थ्रो केला, तिसऱ्या बेसवरच्या पोरानं बॉल घेऊन बेसवर पाय ठेवला आणि आनंदानं उडी मारली. मी दोन्ही हात आडवे केले. सेफ. बॅटर आऊट झाला की फोर्स, म्हणजे मागून येणाऱ्यासाठी बेस सोडून पुढं पळायची सक्ती, संपतो. मग नुसता बेसवर पाय ठेवून चालत नाही, रनरला टॅगच करावं लागतं, म्हणजे बॉल धरून त्याला शिवावं लागतं.

आता पलीकडचे उठले. "बेसवर पाय हाय की त्याचा! किती घेतलासा ओ पंच?"

कोच आत आले. नियम विचारायचा त्यांना हक्कच आहे, मी सांगितला, ते मान हलवून परत गेले. पालकांचं तसं नाही. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघताना पंचाला शिव्या घालायची सवय इथं अंगवळणी पडली आहे. त्यात खेळाच्या सवलतीच्या गुणांची आशा असते, तीही मला कळते. मला बोलले ते मी सोसतो. पण एका वडिलांनी शॉर्टस्टॉपला सगळ्यांदेखत "हात तुटलेत का?" म्हटलं, ते मला सहन झालं नाही. मी खेळ थांबवून त्यांना दोरीच्या पलीकडं जायला सांगितलं. हा तिसरा निर्णय, तोही कुणाला आवडला नाही.

मॅच संपल्यावर तिसऱ्या बेसवालं पोरगं जवळ आलं. "सर, टॅग केलं असतं तर?"

"तर तिसरा आऊट. मॅच तिथंच तुमची."

"नुसता ग्लोव्ह लावला तरी चालतंय?"

"बॉल ग्लोव्हमध्ये पक्का धरलेला पाहिजे."

ते पळत जाऊन शॉर्टस्टॉपला घेऊन आलं आणि मला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं.

पुढच्या मॅचआधी कोचना होम प्लेटपाशी, बॅटर उभा राहतो तिथं, बोलावीन, तेव्हा इन्फिल्ड फ्लाय आणि फोर्स दोन्ही समजावून सांगणार. दोरीपलीकडच्यांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात.