संमिश्र गायी गेल्या कुठे?

माणदेशातल्या एका गावातून आलेले गायींच्या रक्ताचे नमुने तपासत होते. जनुक बीटा-केसिनचं, म्हणजे दुधातल्या एका प्रथिनाचं. या प्रथिनात 67व्या जागी हिस्टिडिन हे अमिनो आम्ल असेल तर ए1, प्रोलिन असेल तर ए2. ('ए2 दूध' म्हणून चढ्या भावाने विकतात ते हेच. त्यामागच्या आरोग्याच्या दाव्यांवर माझा फारसा विश्वास नाही, असो.) आमच्या चाचणीत एन्झाइम ए1ची प्रत कापतं, ए2ची अखंड राहते. प्रत्येक गायीत जनुकाच्या दोन प्रती असतात; एक ए1 आणि एक ए2 असेल तर ती गाय संमिश्र. डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर तिच्या रांगेत दोन्ही पट्टे दिसतात.

पट्टे स्वच्छ आले, पण हिशेब बसेना. कळपात कोणतीही गाय कोणत्याही वळूकडे जात असेल, तर हार्डी-वाइनबर्गच्या 1908च्या नियमाने 2pq इतक्या गायी संमिश्र निघायला हव्यात (p आणि q म्हणजे कळपातलं ए1 आणि ए2चं प्रमाण). निघाल्या बऱ्याच कमी. अशा वेळी पहिला संशय पीसीआरवर, म्हणजे तपासण्यापुरता डीएनए वाढवून घेण्याच्या प्रक्रियेवर. दोनपैकी एक प्रत वाढलीच नाही, तर संमिश्र गाय शुद्ध दिसते. सगळे नमुने पुन्हा लावले. निकाल तोच.

शेवटी नमुने घेणाऱ्या पशुवैद्यकांना फोन केला. "अहो मॅडम, दावण एक असली तरी भरवणं वेगळं. खिलार गाय खिलार वळूकडे जाते, जर्सीला एचएफची कांडी." (कांडी म्हणजे कृत्रिम रेतनाची, एचएफ म्हणजे होल्स्टीन फ्रीजियन ही विदेशी जात.) तिकडे कुठलीही संकरित गाय जर्सीच.

म्हणजे वाह्‌लुंड परिणाम! 1928मध्ये स्वीडनच्या स्टेन वाह्‌लुंडने मांडलेला. समजा, निम्म्या गायी खिलार, त्यांच्यात ए1चं प्रमाण शून्य. निम्म्या संकरित, त्यांच्यात 0.4. एकत्र सरासरी 0.2, म्हणून संमिश्र 0.32 अपेक्षित. पण खिलारांत एकही नाही आणि संकरितांत 0.48, म्हणजे एकूण 0.24च. संमिश्र हरवलेल्या नसतात, आपण दोन कळप एक धरलेले असतात. ते खरोखर आपसात मिसळले, तर एका पिढीत ही तूट भरून निघते.

यादी जातवार लावली आणि आकडे जुळले. एक गाय तेवढी अडली. फोटोत अस्सल खिलार: पांढरी, लांब शिंगांची. जेलवर मात्र दोन्ही पट्टे. मालकाने फोनवर सांगितलं, "तिच्या आजीच्या वेळी वळू मिळाला नव्हता, तेव्हा जर्सीची कांडी भरली होती."

तिला कुठल्या गटात घालायचं यावर आमच्यात बरीच वादावादी झाली. एका जनुकावरून रक्त किती मिसळलंय ते कळत नाही. तिचा डीएनए मायक्रोसॅटेलाइट तपासणीसाठी (यात डीएनएतल्या अनेक जागा पाहतात) बाजूला काढला आणि दोन्ही गटांचे आकडे तिला वगळूनच मांडले.